चेनच्या बाजूचा फोटो नव्हता

हे खरं घडलेलं आहे.

इथली प्रत्येक गोष्ट याच वाक्याने सुरू होते, हे मला माहीत आहे. मीही जेवणाच्या सुट्टीत अशा गोष्टी वाचते आणि "काहीतरीच" म्हणून डबा बंद करते. तुम्हीही तसं करायला मोकळे आहात. फक्त शेवटपर्यंत वाचा, एवढीच विनंती. शेवटी एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती तुमच्या कामाची आहे.

आणि रात्र वगैरे नव्हती.

मागच्या थंडीतली रविवारची दुपार. स्वच्छ ऊन. समोरच्या गॅलरीत कुणीतरी गादी झटकत होतं. असल्या वेळी कुणाला भीती वाटते?

आधी माझ्याबद्दल थोडं. मी हाडांच्या हॉस्पिटलमध्ये काम करते. डॉक्टर नाही, नर्सही नाही. तळमजल्यावर मागे आमची खोली आहे, तिथे मी बूट आणि बुटांच्या आतले सोल बनवते. कुणाचा एक पाय आखूड असतो, कुणाची टाच दुखत असते. पायाला शाई लावून कागदावर ठसा घ्यायचा, त्यावरून सोल कापायचा, घासायचा, घालून बघायचा. वर्षानुवर्षं हेच केल्यामुळे मला एक खोड लागली आहे. माणसाच्या तोंडाआधी मी त्याच्या चपला बघते. चप्पल कुठे झिजली आहे ते दिसलं की माणूस कसा चालतो ते कळतं. आई म्हणते, "घरी आलेला पाहुणा हिच्यासमोर पाय लपवून बसतो."

माझा धाकटा भाऊ. त्याला घरात सगळे पंक्चर म्हणतात, कारण लहानपणी त्याची सायकल चालवण्यापेक्षा हातात धरून आणण्यातच जास्त वेळ जायचा.

दोन वर्षांपूर्वी त्याला एका टेम्पोने उडवलं.

उजवा पाय मांडीपासून खाली तीन-चार ठिकाणी मोडला. मोठ्या डॉक्टरांनी मला जिन्यात गाठून हळूच सांगितलं होतं, की पाय काढावा लागेल बहुतेक. मी त्यांच्याशी भांडले. माझीच नोकरी त्यांच्या हाताखाली, तरी भांडले. पाय राहिला. आत सळई आहे. पंक्चर त्या पायाला "लोखंड्या" म्हणतो.

लोखंड्याला चालता करायला मी किती सोल बनवले आणि किती फेकले, त्याची गणती नाही. शेवटी एक जमला. तो बुटात असला की माझा भाऊ सरळ चालतो. नसला की चार पावलांत लंगडायला लागतो.

त्या पायावर माझा जीव आहे. असं लिहिताना कसंतरीच वाटतं, पण आहे.

डॉक्टर म्हणाले, आता सायकल चालवायला हरकत नाही. झालं. पंक्चरला नवी सायकल नको होती. त्याला जुनी हवी होती... बारीक पोलादी नळ्यांची, शर्यतीची, खाली वळलेल्या हँडलची. महिनाभर तो फोनवर जाहिराती चाळत बसला.

मग एके दिवशी ओरडला, "ताई, सापडली!"

मी फोन हातात घेतला. निळी सायकल होती. रंग थोडा उडालेला, पण ऐटबाज.

"फक्त फोटो सगळे उलट्या बाजूने काढलेत," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"सायकलचा फोटो नेहमी चेनच्या बाजूने काढतात. उजवीकडून. गिअर, चेन, दाते, जे काही बघायचं ते सगळं त्याच बाजूला असतं. यात एकही फोटो त्या बाजूचा नाही."

"मग काहीतरी लपवत असतील."

"नाहीतर माहीत नसेल. विकणाऱ्या बाईंचा नंबर आहे. तू चल ना माझ्याबरोबर."

"मला सायकलीतलं काय कळतं?"

"सायकल मला कळते. झीज तुला कळते. तू हो म्हणालीस तरच घेईन, शपथ."

म्हणून मी गेले.

गल्ली अरुंद होती. एका बाजूला रांगेत बैठी घरं, समोर गॅलऱ्यांची इमारत. शेवटच्या घराच्या फाटकाला ताजा रंग लावलेला. पंक्चरने बेल वाजवली.

दार उघडलं. पन्नाशीच्या बाई होत्या. साध्या, नीटनेटक्या, केस घट्ट बांधलेले.

त्यांनी आमच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

आधी पंक्चरच्या पायांकडे पाहिलं.

मला आजवर वाटायचं, असं फक्त मीच करते.

"या," त्या म्हणाल्या. "सायकल आतच आहे."

पुढची खोली लांबट होती. एक टेबल, दोन खुर्च्या, आत जाणारं एक बंद दार. सायकल भिंतीला लावून ठेवलेली... उजवी बाजू भिंतीकडे.

पंक्चर तिच्याजवळ उकिडवा बसला आणि लहान मुलासारखा हसला. दोन वर्षांत मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात आतल्या बंद दारामागून आवाज आला.

ठप्...

मी वाट पाहिली. दुसऱ्या पावलाची.

बराच वेळ काहीच नाही.

ठप्...

"माझा भाऊ आहे," बाई म्हणाल्या. "दुपारी झोपत नाही. फेऱ्या मारतो."

मी रोज असे आवाज ऐकते. काठी घेऊन चालणाऱ्याच्या काठीचा आवाज येतो. कुबडी असेल तर कुबडीचा. पाय ओढत असेल तर फरफट ऐकू येते. एका पायावर उड्या मारणाऱ्या माणसाची धापसुद्धा ऐकू येते.

इथे एक पाऊल पडत होतं, आणि दुसऱ्या पावलाच्या जागी काहीच नव्हतं. तरीही माणूस खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात होता.

दुसऱ्याच्या घरच्या आजारपणाबद्दल काय विचारायचं?

पंक्चरने तपासणी सुरू केली. त्याची एक पद्धत आहे आणि त्यात तो कुणाचं ऐकत नाही. आधी हँडलच्या मागे, नळ्यांच्या खालून बोट फिरवलं. सायकल कुठे जोरात आदळलेली असेल तर तिथे रंगाला सुरकुत्या पडतात. मग पुढचं चाक धरणारा चिमटा समोरून डोळा बारीक करून पाहिला. मग खिशातलं नाणं काढून प्रत्येक नळीवर टकटक केलं आणि कान लावला.

"डॉक्टर, जीभ दाखवायला सांगू का तिला?" मी म्हटलं.

"गप गं. बघ, कसा स्वच्छ आवाज येतोय. आत गंज नाही."

सीटचा दांडा सैल करून वरखाली केला. तो छान सरकला. मागचं चाक उचलून पेडल फिरवलं आणि सोडून दिलं. पेडल थांबलं, चाक फिरत राहिलं... कटकटकटकट.

"हा आवाज ऐकलास? पेडल मारायचं थांबलं आणि चाक फिरत असलं की हा आवाज आलाच पाहिजे. आला नाही तर समजायचं, काहीतरी गडबड आहे."

बाई दारापाशी उभ्या होत्या. त्यांचं लक्ष सायकलकडे नव्हतं.

"आता तू बघ," पंक्चर मला म्हणाला.

मी सायकल भिंतीपासून ओढली आणि वळवली.

आधी सीट पाहिली. जुनी कातडी सीट होती. अशी सीट वर्षं गेली की बसणाऱ्याच्या अंगाचा आकार घेते. डाव्या बाजूला खोल खळगा होता.

उजवी बाजू सपाट होती.

मग पेडल. डावं झिजून गुळगुळीत झालेलं, कडा गेलेल्या. त्याच्या दांड्यावर बूट घासून घासून पांढरा पट्टा उमटलेला.

उजवं पेडल कोरं होतं. एक ओरखडा नाही.

"हे बदललंय का?" मी विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "सगळं मूळचं आहे."

पंक्चर म्हणाला, "बदललं असेल गं, त्यांना माहीत नसेल."

पण मी खाली वाकून पाहिलं. चेन ज्या दात्यांवरून फिरते ती चकती उजव्या दांड्यालाच जोडलेली असते. दाते पार झिजले होते. सायकल खूप, खूप चालली होती. मग त्याच दांड्यावर बुटाची एकही खूण कशी नाही?

"ही एका पायाने चालवलेली आहे," मी म्हटलं.

बाई हसल्या. थकल्यासारखं.

"नाही हो. हिच्यावर बसलेल्या सगळ्यांना दोन पाय होते."

सगळ्यांना...?

मी विचारणार होते. पण पंक्चर उठून उभा राहिला होता. "एक चक्कर मारून येतो," तो म्हणाला.

"थांब जरा."

"ताई, चक्कर मारल्याशिवाय कुणी हो-नाही म्हणतं का? कागदावर छान दिसणारी सायकल रस्त्यावर रेडा निघते."

सायकलवाल्यांचं हे असंच असतं. आधी बसणार, मग ठरवणार. आधी ठरवून मग बसायचं, हे त्यांच्या डोक्यातच येत नाही.

"तुमचे बूट त्या पेडलात बसणार नाहीत," बाई म्हणाल्या. त्यांनी टेबलाखालून काळ्या चामड्याचे पातळ सायकलचे बूट काढले. "हे घाला. तुमचे इथेच राहू द्या. म्हणजे तुम्ही परत याल."

पंक्चर हसला. मीही हसले. अनोळखी माणसाच्या हातात सायकल द्यायची तर काहीतरी ठेवून घेणारच की.

ते बूट त्याला बरोबर बसले.

तो गेला. आम्ही दोघी फाटकाशी उभ्या राहिलो. गल्लीच्या टोकाला तो वळला आणि दिसेनासा झाला.

"तुम्ही थोरल्या ना?" बाईंनी विचारलं.

"हो."

"मीही थोरलीच."

मग त्या "पाणी आणते" म्हणून आत गेल्या आणि लगेच परत आल्या. हातात पाणी नव्हतं. माझ्या ते तेव्हा लक्षातही आलं नाही. मी रस्त्याकडे बघत होते.

गादी झटकण्याचा आवाज कधीचाच थांबला होता. घरातलं ते एकटं पाऊलही वाजत नव्हतं.

मग पंक्चर कोपऱ्यावरून वळून आला.

उतार होता. त्याने पेडल मारणं थांबवलं होतं. दोन्ही पाय स्थिर होते, मला स्पष्ट दिसत होतं. चाकं फिरत होती, सायकल आमच्याकडे येत होती...

आणि आवाज नव्हता.

कटकट नव्हती. काहीच नव्हतं.

तो आमच्यापाशी येऊन थांबला. गाल लाल झाले होते. डोळ्यांत पाणी.

"ताई, काय चालते गं ही! कुणीतरी बरोबर पेडल मारतंय असं वाटतं!"

बाईंनी विचारलं, "उजवा पाय दुखला का?"

"अजिबात नाही! पहिल्यांदाच अजिबात दुखला नाही."

मग माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. कारण उजव्या पायाचं आम्ही त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. आणि पंक्चर तर आलो तेव्हा लंगडतही नव्हता.

"नको," मी म्हटलं.

"काय?"

"ही सायकल नको. चल."

त्याचा चेहरा पडला. तो वाद घालणार होता, पण शपथ घेतली होती. गपचूप बूट बदलले. मी बाईंना म्हटलं, "माफ करा, तुमचा वेळ घेतला."

"हरकत नाही," त्या म्हणाल्या. "घेतलीच पाहिजे असं काही नव्हतं."

आम्ही फाटकापर्यंत आलो. मागे घरातून पावलं ऐकू आली.

ठप् ठप्. ठप् ठप्. ठप् ठप्.

दोन पायांची. धावल्यासारखी.

आणि त्या बाईंचं रडणं... आनंदाचं रडणं.

मी पंक्चरचा हात धरला आणि रस्त्याला लागले. मागे वळून पाहिलं नाही.

घरी आल्यावर पंक्चरने बूट काढले आणि म्हणाला, "अरे, ताई... सोल कुठेय?"

उजव्या बुटातला सोल नव्हता.

बसथांब्यापर्यंत तो चालला होता. बसमधून उतरून घरापर्यंत चालला होता. दोन जिने चढला होता. सोलशिवाय. आणि लंगडला नव्हता.

त्याला याचा आनंद झाला. "बघ, लोखंड्या बरा झाला!" आईनेही त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

मी बाईंना फोन लावला. नंबर लागला नाही. जाहिरातही गायब होती.

नवा सोल बनवू, म्हणून मी स्वतःची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंक्चर अंघोळ करून बाहेर आला. मी चहा घेत होते. सहज खाली पाहिलं. फरशीवर त्याची ओली पावलं उमटली होती.

डावं. डावं. डावं. डावं.

मध्ये कोरडी फरशी.

"अरे, लंगडी घालत आलास का?"

"काय?" तो माझ्यासमोर दोन्ही पायांवर नीट उभा होता. उजव्या पायावरून पाणी निथळत होतं. त्याखालची फरशी कोरडी होती.

मी फडक्याने सगळं पुसून टाकलं. आईला दिसायला नको म्हणून.

त्याच दिवशी मी त्याला कामावर घेऊन गेले. तळव्यांना शाई लावली. कागद खाली ठेवला. "दोन्ही पायांवर सारखा भार दे," मी म्हटलं. शेकडो लोकांना म्हणते तसंच.

त्याने भार दिला. मग पाय उचलले.

डाव्या पायाचा ठसा काळाभोर आला. बोटं, टाच, सगळं.

उजव्याच्या जागी कागद पांढरा होता.

तळव्याची शाई तशीच ओली होती. मी पुन्हा घेतला. कागद बदलून घेतला. स्वतःच्या हाताने त्याचा गुडघा धरून पाय खाली दाबला. हाताला पाय लागत होता. ऊब लागत होती. कागदाला मात्र काहीच लागत नव्हतं.

"ताई, काय झालं?"

"शाई खराब आहे," मी म्हटलं.

एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, हाड उत्तम जुळलंय, सळई जागेवर आहे. पंक्चरला दुखतही नव्हतं. तो म्हणायचा, "हलका झालाय गं पाय. कधीकधी आहे की नाही तेच कळत नाही."

हे तो हसून म्हणायचा. मग हळूहळू हसणं कमी झालं. जिना उतरताना तो कठडा धरू लागला. रात्री पांघरूण सरकवून पायाला हात लावून बघायचा. आहे ना, म्हणून.

आणि एका संध्याकाळी मी स्वयंपाकघरात होते. पंक्चर त्याच्या खोलीत फेऱ्या मारत होता. दार बंद होतं.

ठप्...

माझ्या हातातला चमचा तसाच राहिला.

ठप्...

आई भाजी चिरायची थांबली. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "हा असा काय चालतोय गं?"

दुसऱ्याच दिवशी मी एकटी त्या गल्लीत गेले.

घरात खोकी बांधून ठेवलेली होती. सामान हलवत होते. दार उघडंच होतं. एक चाळिशीचा माणूस खोकी उचलून बाहेर आणत होता. दोन्ही पायांवर, दमदार चालत. मला पाहिलं आणि त्याने मान खाली घातली. खोकं तिथेच ठेवून आत निघून गेला.

बाई बाहेर आल्या. मला वाटलं होतं, ओळख दाखवणार नाहीत. त्यांनी खुर्ची पुसून पुढे केली.

मी बसले नाही. "माझ्या भावाच्या पायाला काय केलंत?"

"मी काही केलं नाही. त्याने चक्कर मारली."

"काय आहे ती सायकल?"

"खरंच माहीत नाही." त्या खोटं बोलत नव्हत्या. मला कळतं. "मूळ मालक कोण होता, तो कसा गेला, कुणालाच सांगता येत नाही. माझ्या भावानेही अशीच जाहिरात पाहिली होती. मीही बरोबर गेले होते. मीही नको म्हणाले होते. आम्हीही ती घेतली नव्हती."

मी भिंतीला टेकले.

"नंतर मी भांडायला गेले, तुम्ही आलात तशी. तिथल्या बाईने जे मला दिलं, ते मी तुम्हाला देते."

त्यांनी कपाटातून एक वस्तू काढून माझ्या हातात ठेवली.

माझा सोल. माझ्या हाताने घासलेला, कडेला माझी खूण असलेला. पण वरचा खळगा माझ्या भावाच्या पायाचा नव्हता. अंगठा मोठा, टाच रुंद. कितीतरी वर्षं दुसऱ्याच कुणीतरी वापरल्यासारखा.

"आणि सायकल घेऊन जा," त्या म्हणाल्या. "ती घरात असल्याशिवाय पाय परत येत नाही. उजवी बाजू भिंतीकडे ठेवा. फोटो डावीकडूनच काढा. येणाऱ्याला बूट काढायला सांगा. तो चक्कर मारायला गेला की त्याच्या उजव्या बुटातला सोल काढून तुमच्या भावाला घालायला द्या. बाकी काही करावं लागत नाही."

"तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं.

"दारात पाय बघितले ना मी त्याचे, तेव्हाच कळलं होतं की एकदा मोडलेला आहे. आणि कुणीतरी जिवापाड सांभाळलेला आहे. तुम्हाला बघितलं, तेव्हा कुणी ते पण कळलं." त्यांचा आवाज फुटला. "दार लावून घेणार होते. देवाशपथ. पण आत तो चालत होता हो... ऐकलंत ना तुम्ही?"

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

मी सायकल घेऊन आले.

हातात धरून आणली, बसले नाही. वाटेत सायकल माझ्या शेजारी चालत होती. मागचं चाक कटकट करत होतं. मधूनच कटकट बंद व्हायची... आणि ती आपणहून थोडी पुढे ओढायची.

पंक्चरने ती दारात पाहिली आणि त्याचा विश्वासच बसेना.

"ताई! हो म्हणालीस?"

त्याने मला मिठी मारली. तोल जाऊन माझ्या अंगावरच पडला, कारण उजवीकडे त्याला काही आधारच राहिलेला नाही. मी त्याला सांगितलं, पाय बरा होईपर्यंत हात लावायचा नाही. तो लहान मुलासारखा ऐकतो. रोज तिला पुसतो.

बाईंचं घर आता रिकामं आहे. नवीन पत्ता कुणाकडे नाही.

हे सगळं होऊन बरेच दिवस झाले. सायकल आमच्या पॅसेजमध्ये आहे. कोणत्या बाजूने भिंतीला लावली आहे, ते विचारू नका.

पंक्चर आता खोलीतून फारसा बाहेर येत नाही. आई काही विचारत नाही, फक्त माझ्याकडे बघते. डॉक्टर म्हणतात, पायात काहीही दोष नाही, मनाचे खेळ आहेत. मी जेवायला बसले की आतून आवाज येतो.

ठप्...

आणि मी दुसऱ्या पावलाची वाट बघत राहते. रोज. घास हातात धरून.

आमच्या हॉस्पिटलमध्ये व्यायाम शिकवणारा एक मुलगा नवीन लागला आहे. जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढतो. त्याच्या बुटांचे दोन्ही तळ अगदी सारखे झिजलेले आहेत. इतकी सुंदर चाल मी क्वचित पाहिली आहे. परवा तो सगळ्यांना विचारत होता, "कुणाकडे जुनी शर्यतीची सायकल आहे का हो विकायला?"

मी घरी आले आणि सायकलचे फोटो काढले. नुसते काढून ठेवलेत. कुठेही टाकलेले नाहीत.

आता ती कामाची गोष्ट. जुनी सायकल घ्यायची असेल तर आधी फोटो नीट बघा. चेनच्या बाजूचा एकही फोटो नसेल तर जाऊ नका. बरोबर कुणी जाणकार असला तरी जाऊ नका. गेलातच तर चक्कर मारू नका, बूट काढू नका.

बाई कितीही साधी वाटली तरी.

जाहिरात माझी असली तरी.